ठोक्यावर टिपलेले हात

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पाण्याच्या पंपांचे फोटो काढायचे. हसू नका, खरंच. पंपाच्या कारखान्यात त्यांची नोकरीच ती होती. नवा पंप तयार झाला की पांढऱ्या कापडासमोर ठेवायचा, चारी बाजूंनी उजेड पाडायचा आणि त्याचा एकेक नट, एकेक चकती स्वच्छ दिसेल असा फोटो काढायचा. ते फोटो कारखान्याच्या माहितीपुस्तकात छापून यायचे. ताई म्हणायची, "लग्नात माझा एक फोटो धड आला नाही, पण पंप बघ कसे नवरीसारखे नटलेत!"

दाजी स्वभावानेही पंपासारखेच. एका जागी बसलेले, मोजकं बोलणारे, कामाला चोख. गाण्याशी तर त्यांचा छत्तीसचा आकडा. रेडिओवर काय लागलंय हे त्यांना निवेदकाने सांगितल्यावर कळायचं. अशा माणसाच्या आयुष्यात संगीत कसं शिरलं, ते मी जवळून पाहिलं आहे.

त्यांच्या इमारतीत, खालच्या मजल्यावर एक बाई राहायच्या. गावातल्या एका संगीताच्या हॉलच्या त्या मॅनेजर. तो हॉल म्हणजे पूर्वीचा बर्फाचा कारखाना. हातभर जाडीच्या भिंती, खाली गुळगुळीत फरशी, आणि भर उन्हाळ्यातही आत शिरलं की अंगावर शहारा. एके दिवशी दुपारी या बाई धापा टाकत वर आल्या.

"अहो, आमचा फोटोवाला तापाने फणफणलाय. संध्याकाळी कार्यक्रम आहे. तुमच्याकडे कॅमेरा आहे ना?"

"आहे. पण मी पंपांचे काढतो," दाजी म्हणाले.

"माणसांचे काढा. माणसं सोपी असतात."

दाजी ताईकडे पाहू लागले. ताई भांडी पुसत होती. "जा हो," ती म्हणाली, "नाहीतरी इथे बसून पंख्याची पातीच पुसणार आहात."

गेले. मॅनेजरबाईंनी दारातच तीन गोष्टी बजावल्या. फ्लॅश मारायचा नाही. गाणारे आणि लोक यांच्या मधे यायचं नाही. आणि पहिली तीन गाणी झाली की पुढून बाजूला व्हायचं. रंगमंच आणि पहिली रांग यांच्यामध्ये एक अरुंद बोळ होता, वायरींवर चिकटपट्ट्या मारलेला. तिथे दाजी उभे राहिले. त्या दिवशी एक दणदणीत बँड होता. पहिला ठोका पडला आणि दाजींची छाती आतून हलली. त्यांना वाटलं, काहीतरी कोसळलं. ते खाली बसलेच.

मग त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि पंचाईत सुरू झाली. पंप हलत नाही. इथे कुणी क्षणभर स्थिर राहील तर शपथ! उजेड आत्ता लाल, आत्ता निळा, आत्ता गुडुप. दाजी फोकस लावेपर्यंत गाणारा रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला.

घरी आले तेव्हा कानात घुंई घुंई चालू होती. ताईने जेवायला वाढलं. हे ताटाकडे न बघता म्हणाले, "अगं, तो माणूस पेटला होता."

"कुठला माणूस? बंब बोलावला की नाही?"

"तसा नाही गं. आतून पेटला होता."

फोटो पाहिले तर सगळे काळे नाहीतर फराटे. एकच धड आला होता. गाणाऱ्याने मान झटकली त्या क्षणाचा. मागून उजेड होता, आणि त्याच्या केसांतून उडालेला घामाचा थेंब न् थेंब हवेत लटकलेला, काचेच्या मण्यांसारखा. खाली त्या माणसाचे मिटलेले डोळे. मी त्या दिवशी बहिणीकडेच होतो. दाजींनी तो फोटो मला दाखवला आणि लहान मुलासारखं विचारलं, "मेव्हणेबुवा, हे तिथे घडत होतं? माझ्यासमोर? मला दिसलं कसं नाही?"

झालं. लागलं वेड. आधीचा फोटोवाला बरा झाला, पण त्याला दुसरीकडे काम मिळालं, आणि दाजी त्या हॉलचे झाले. दिवसा पंप, संध्याकाळी गाणं. कानात घालायचे बोळे आणले, काळे कपडे शिवून घेतले. उजेडाची वाट कशी पाहायची, गाणारा श्वास घेताना चेहरा कसा बदलतो, हे हळूहळू कळत गेलं. गाणं मात्र कळायचं नाही. ते स्वतःच सांगायचे, "मी बहिऱ्यासारखा बघतो."

त्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा तिघांचं एक वादन व्हायचं. पियानोवर एक अबोल गृहस्थ, उभ्या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्यावर एक उंच बाई, आणि ड्रमवर एक वयस्कर माणूस. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. शहरातल्या निम्म्या ड्रमवाल्यांना त्यांनीच शिकवलं होतं. यांचं वादन अगदी हळुवार. कधीकधी मास्तर काठीऐवजी तारेचा ब्रश घेऊन ड्रमच्या कातड्यावरून असा फिरवायचे, की कुणीतरी शेजारच्या खोलीत केर काढतंय असं वाटावं.

अशा वादनात दाजी पहिल्यांदा गेले आणि त्यांचं नाक कापलं गेलं. त्या काळच्या कॅमेऱ्यात आरसा असायचा, बटण दाबलं की खट्ट वाजायचं. दणदणाटात ते कुणाला ऐकू येणार? पण इथे सगळीकडे चिडीचूप. खट्ट. पहिल्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. पुन्हा खट्ट. मास्तरांनी वाजवता वाजवता मान वळवली आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. दाजी सांगायचे, "कारखान्यात हात सापडला असता तरी एवढा घाम फुटला नसता."

मध्यंतरात बोलावणं आलं. दाजी मान खाली घालून गेले.

"अहो फोटोवाले," मास्तर रुमालाने मान पुसत म्हणाले, "आज तुम्हीही वाजवताय, माहीत आहे ना? फक्त तालात नाही."

"चुकलं. मी थांबतो."

"थांबू नका. माझ्या ठोक्याबरोबर बटण दाबा. तुमचा आवाज माझ्या ठोक्याच्या पोटात जाईल, कुणाला ऐकू येणार नाही."

"पण मला ताल कळत नाही हो."

"कामाला कुठे आहात?"

"पंपाच्या कारखान्यात."

"पंप चालू असताना काही बिघडलं तर कळतं का?"

"ते झोपेतही कळेल. बेअरिंग जायच्या आधी आवाज अडखळतो."

"मग कळतो की ताल!" मास्तर हसले. "रंगमंचाजवळ तो खांब आहे ना, त्याच्यापाशी, माझ्या डाव्या बाजूला बसा. वादन संपेपर्यंत बसा. आणि माझ्या अंगाकडे बघा, काठीकडे नको. ठोका हातात यायच्या आधी खांद्यात येतो."

त्यानंतर घरात जे सुरू झालं ते विचारू नका. ताई भाजी चिरायला बसली की हे मागे रिकामा कॅमेरा घेऊन उभे. सुरी पडली की खट्ट. कपडे धुवायचं यंत्र फिरतंय, त्याच्याबरोबर खट्ट. शेजारचे सुतार खिळा ठोकायला लागले की हे खिडकीत. ताई मला फोनवर म्हणाली, "अरे, मी गाजर चिरते तर पाठीमागून गोळीबार होतो!" पण महिन्याभराने ती हळूच असंही म्हणाली, "आता मात्र त्यांचा आवाज ऐकू येत नाही हं. सुरीच्याच आवाजात जातो. मला मागे कुणी आहे की नाही कळेनासं झालंय."

पुढच्या वादनात दाजी खांबापाशी बसले, आणि कुणीही वळून पाहिलं नाही. मास्तरांनी मात्र शेवटी त्यांच्याकडे बघून भुवई उडवली.

यानंतर किती वर्षं हे चाललं! दर महिन्याला दाजी त्या खांबापाशी. बटण ठोक्यावरच दाबायचं, ठोका कधी उजव्या हाताचा, कधी डाव्याचा, त्यामुळे फोटोंत हात कधी वर निघत असलेला, कधी उतरत असलेला, टेकत असलेला, सुटत असलेला. जागा डावीकडची, म्हणून डावा हात सगळ्यात जवळ. आणि पंपांची सवय अंगात मुरलेली. एकेक सांधा, एकेक शीर लख्ख दिसायची. हॉलच्या भिंतीवर लावायला मॅनेजरबाईंना चेहरे हवे असायचे. त्या काही फोटो निवडायच्या आणि बाकीचे परत द्यायच्या. "सुंदर आहेत हो, पण हा माणूस कोण ते कसं कळणार?" ते सगळे घरी खोक्यांत. ताई कपाट उघडायची आणि कपाळाला हात लावायची. "लोक पोस्टाची तिकिटं जमवतात. आमच्याकडे एका म्हाताऱ्याची बोटं!"

मग एके सकाळी मॅनेजरबाई पायऱ्यांवरच रडवेल्या होऊन भेटल्या. मास्तरांना झटका आला होता. डावी बाजू गेली होती.

दाजी भेटायला गेले तेव्हा मास्तर इस्पितळातून घरी आले होते. पाय थोडा परत आला होता, काठी टेकत चालायचे. बोलणं जरा जड, पण समजायचं. हात मात्र मांडीवर पडून होता. त्यांची मुलगी नोकरी सांभाळून त्यांचं सगळं करत होती. व्यायाम करून घ्यायला एक बाई रोज यायच्या. बोटं हलायला लागली होती, पण ड्रमची काठी दिली की ती कशी धरायची हेच त्या हाताला आठवत नव्हतं. मास्तरांची डाव्या हाताची पकड जुन्या पद्धतीची. तळहात वर, काठी अंगठ्याच्या बेचक्यात, मधली बोटं खालून आधाराला. पाच वर्षांचे असताना वडिलांनी शिकवलेली. इतकी मुरलेली की ती कशी आहे हे त्यांनाच सांगता येईना.

"शिष्यांना शिकवताना सांगायचात ना, बाबा?" मुलगी म्हणाली.

"शब्दांनी कुठे सांगत होतो? हात धरून दाखवायचो." आणि मग हळू आवाजात, "हा हात माझा आहे, हे आता मलाच त्याला सांगावं लागतं."

वादनाच्या ध्वनिफिती होत्या, पण त्यांत हात दिसत नाही. हॉलमध्ये व्हिडिओला बंदी होती, आणि तो हट्ट मास्तरांचाच. लोक ऐकायचं सोडून पडदा बघतात म्हणून. शिष्य येऊन बोटं लावून द्यायचे, पण प्रत्येकाने आपापल्या हातात ती पकड थोडी बदलून घेतली होती. मास्तर मान हलवायचे, "हा तुझा हात. माझा नाही."

दाजी उठले. घरी आले, बूट काढले आणि सरळ कपाटाकडे गेले. खोकी जमिनीवर पालथी केली. ताई आतून आली, तर बैठकीच्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नाही.

"अहो, हे काय मांडलंय?"

"मास्तरांचा हात शोधतोय."

ताईने पदर खोचला आणि तीही खाली बसली. दोघांनी मिळून ते फोटो लावले. पंपाच्या माहितीपुस्तकात एकेक भाग कसा सुटा होतो ते जसं क्रमाने दाखवतात, तसंच. हात वर निघाला. खांदा सैल झाला. मनगट वळलं. काठी निघाली. टेकली. उडाली. बोटांनी पुन्हा झेलली. एका ठोक्याचा फोटो एका वर्षीचा, तर पुढच्या क्षणाचा दुसऱ्या वर्षीचा. पण ओळीने ठेवल्यावर तो एकच हात एकच ठोका मारत होता. ताई मला म्हणाली, "अरे, शेवटचा फोटो ठेवला आणि अंगावर काटा आला. आवाज झाल्यासारखं वाटलं बघ."

दुसऱ्या दिवशी दाजींनी मास्तरांच्या खोलीत, पलंगापासून खिडकीपर्यंत दोरी बांधली आणि चिमट्यांनी फोटो लावले. मास्तर काठी टेकत एकेका फोटोसमोर उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हा मी?"

"तुम्हीच."

"करंगळी अशी बाहेर ठेवतो मी?" ते पुटपुटले. "वडील ठेवायचे. त्यांचा हात आहे हा." त्यांनी त्या फोटोवर बोट टेकवलं. "मी आयुष्यभर समोर पाहिलं हो. या हाताकडे कधी पाहिलंच नाही. मला वाटायचं मीच वाजवतो. हा बिचारा खाली एवढं सगळं करत होता?"

लगेच सगळं जमलं असं नाही. पुढचे महिने मास्तर त्या दोरीखाली खुर्ची ओढून बसायचे. उजव्या हाताने डाव्याची बोटं फोटोतल्यासारखी लावायची, उशीवर ड्रमची काठी टेकवायची, ती गळून पडायची, पुन्हा उचलायची. एकदा संतापाने त्यांनी काठी भिरकावली, ती कपाटाच्या आरशाला लागली. त्या दिवशी दाजी तिथेच होते. मास्तर त्यांच्यावर ओरडले, "उतरवा हे सगळं! मेलेल्या हाताचं प्रदर्शन मांडलंय माझ्यासमोर. आणि तुम्हीही येऊ नका."

दाजी निघून आले. पण फोटो उतरवले नाहीत. पंधरवडा गेला. ते फोनकडे बघायचे, करायचे नाहीत. मग मास्तरांच्या मुलीचाच फोन आला. तिने फक्त फोन खोलीत नेऊन धरला. पलीकडून आवाज येत होता. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, टप्. दाजी फोन कानाला लावून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि ताईने त्यांच्या चेहऱ्याकडे बघून गॅस बंद केला.

वर्ष लोटल्यावर हॉलच्या दारावर कागद लागला की तिघांचं वादन आहे. रविवारी दुपारी, कारण संध्याकाळपर्यंत मास्तर थकायचे. ताई इतक्या वर्षांत कधी त्या हॉलमध्ये गेली नव्हती. त्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसून मला म्हणाली, "चल, बघू तरी ती बोटं."

आम्हाला मधल्या रांगेत जागा मिळाली. हॉल गच्च भरलेला, भिंतीला लागून मास्तरांचे शिष्य उभे. मास्तर मुलीचा हात धरून आले. ड्रममागे बसायलाच त्यांना वेळ लागला. टाळ्या झाल्या, थांबल्या. त्यांनी उजव्या हाताने डाव्या हातात ब्रश ठेवला, एकेक बोट लावलं, करंगळी बाहेर काढली. सगळ्यांसमोर, न लाजता. दाजी खांबापाशी बसले होते.

पियानो सुरू झाला. मी मास्तरांचं पूर्वीचं वादन ऐकलं होतं. ते झऱ्यासारखं असायचं, खळ न पडणारं. आता पियानो चालत राहिला, आणि ड्रम नाहीच. मला वाटलं, विसरले. शेजारी ताईने माझं मनगट धरलं. आणि मग त्या सगळ्या शांततेच्या बरोब्बर मध्यावर एक ठोका पडला. एकच. मी चष्म्याच्या दुकानात बसणारा माणूस, मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण तो ठोका पडला तेव्हा मला कळलं की आपण सगळे इतका वेळ त्याचीच वाट पाहत होतो.

पुढचा ठोका कधी येईल ते कुणालाच सांगता येईना. हात जेव्हा तयार होई तेव्हाच मारायचा, हे मास्तरांनी ठरवलं होतं. पियानोवाले आणि त्या उंच बाई त्यांच्याकडे बघत वाजवत होते, त्यांच्यासाठी जागा सोडत होते, आणि ते त्या जागेत एखादाच ठोका असा ठेवत होते जसं कुणी झोपलेल्या बाळाला खाली ठेवावं. पूर्वी ते जिथे वीस ठोके मारत तिथे आता एक. पण त्या एकात ते वीसही होते. त्या हॉलमध्ये एवढी माणसं, कुणी खोकलं नाही, खुर्ची हलली नाही.

आणि मग माझ्या ध्यानात आलं, की दाजींना आज लपायला जागाच नाही. बटण चुकलं तर ती खट्ट सगळ्या हॉलच्या काळजात घुसणार. मी त्यांच्याकडे पाहिलं. कॅमेरा डोळ्याला, कोपर गुडघ्यावर, अंग अगदी स्तब्ध. मास्तरांचा खांदा किंचित सैल झाला, तसा दाजींचाही झाला. मास्तरांनी श्वास घेतला, यांनी घेतला. ठोका पडला. दाजींचं बोट हललं एवढंच मला दिसलं. ऐकू काहीच आलं नाही. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. खांबापाशी बसलेला माणूस आणि ड्रममागे बसलेला माणूस एकाच श्वासावर चालले होते, आणि या माणसाला रेडिओवर काय लागलंय ते कळायचं नाही!

ताईचेही डोळे तिकडेच होते. तिने इतकी वर्षं त्यांना गाजराच्या मागे उभं पाहिलं होतं. ती हळूच म्हणाली, "अरे, हे तर वाजवतायत."

वादन संपलं तरी टाळी पडेना. लोकांना संपल्याचं पटत नव्हतं. मग मास्तरांनी ब्रश खाली ठेवला आणि डाव्या हाताला उजव्याने जरा थोपटलं, पाळीव जनावराला थोपटतात तसं. त्यावर जो कल्लोळ उठला, त्या हातभर जाडीच्या भिंतींनाही तो पेलला नसेल. भिंतीलगतचे शिष्य, बाप्ये बाप्ये, हमसून रडत होते.

गर्दी ओसरल्यावर आम्ही पुढे गेलो. दाजी अजून खांबापाशीच बसलेले, पायांना मुंग्या आलेल्या. मी हात देऊन उठवलं.

"दाजी, किती काढले?"

"ठोके जेवढे पडले तेवढेच. त्यातला एक राहिला. तो ऐकतच राहिलो."

मास्तर आणखी काही वर्षं तसे वाजवत राहिले. ते वादन ऐकायला बाहेरून लोक यायला लागले. काहींना पूर्वीच्यापेक्षाही हेच आवडायचं, आणि मास्तर त्यांना "तुम्हाला घाई नाही म्हणून" एवढंच म्हणायचे. पुढे ते वारले, झोपेतच. त्यांच्या मुलीने दोरीवरचे ते फोटो त्याच क्रमाने चिकटवून एक लांब पट्टी केली. ती आता मास्तरांच्या शिकवणीच्या खोलीत आहे, तिथे त्यांचे शिष्य शिकवतात. नवी मुलं येतात, पट्टीसमोर उभी राहतात आणि आपला डावा हात वर धरून बघतात.

दाजी कारखान्यातून निवृत्त झाले. संध्याकाळी हॉलवर जातात, आता ताईही असते. ती पहिल्या रांगेत बसते आणि घरी येताना त्यांना गाण्यातलं समजावून सांगते. त्यांना अजूनही काही कळत नाही. परवा एका गायिकेने एवढा लांब सूर लावला की ताईने मागे वळून पाहिलं तर आख्खा हॉल तोंड उघडं टाकून बसलेला, तिच्याबरोबर श्वास धरून. बाहेर पडल्यावर पायऱ्यांवर दाजी थांबले.

"अगं," ते म्हणाले, "एवढ्याशा गळ्यातून हे येतं कुठून?"

"मला काय ठाऊक?" ताई म्हणाली. "उद्या पुन्हा आहे तिचं गाणं. तेव्हा नीट बघू."